रेखाचित्रातला ‘तो’ कोण? अंदाज का फसतात

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. मारेकरी अनोळखी, लोकांसमोर फक्त रेखाचित्र. मग काय, जो तो तपास अधिकारी! रेखाचित्र साक्षीदाराच्या आठवणीवरून काढतात, तो फोटो नव्हे. खुद्द सीबीआयने २०१६च्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून ज्या दोघांची नावं दिली, ते राहिले बाजूला. २०१८मध्ये वेगळेच दोघे पकडले गेले आणि १० मे २०२४ रोजी जन्मठेप त्यांनाच झाली.

इब्रामपूर-दोडामार्ग पट्ट्यात जीए नि एमएच नंबरप्लेट रोजच्याच. पलीकडची गाडी दिसली म्हणून चालकाचा फोटो फिरवायचा? असा फोटो साक्षीदाराने आधीच पाहिला, की ओळख परेडचं कोर्टातलं वजन घटतं. फायदा आरोपीच्या वकिलाला. खरंच काही पाहिलं असेल तर ११२ लावा.