अंधांच्या शाळेंतील श्रीगणेशा

अंध मुलांची शाळा म्हटली कीं, तेथें गाणें-बजावणें आणि वेताचें विणकाम एवढेंच शिकवीत असतील, असा कित्येकांचा समज असतो. हीं कामें उपयुक्त खरीं; परंतु त्या शाळेचा पायाही आपल्या शाळेप्रमाणें लेखन-वाचन हाच होय. तें कसें साधतें, हें वाचकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

पॅरिस शहरीं 1785 च्या सुमारास व्हॅलेंटिन आउई ह्या गृहस्थांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढिली. तेथें डोळसांचींच अक्षरें जाड कागदावर उठवून पुस्तकें केलेलीं असत. मुलें तीं चांचपून कशींबशीं वाचीत. परंतु स्वतःच्या हातानें तशीं लिहिणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. ही उणीव पुढें त्याच शाळेंतील लुई ब्रेल ह्या विद्यार्थ्यानें भरून काढिली. तिसऱ्या वर्षीं बापाच्या कारखान्यांतील टोचणीनें डोळ्यास इजा होऊन त्याची दृष्टि गेली होती. 1824 सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यानें सहा टिंबांची लिपि सिद्ध केली.

ह्या लिपींत प्रत्येक अक्षराचें एक घर असतें. त्यांत दोन उभ्या ओळी व प्रत्येकींत तीन टिंबांची जागा. कोणतीं टिंबें उठलीं आहेत, यावरून अक्षर ओळखावयाचें. अशा 63 खुणा होतात. सबंध अक्षर बोटाच्या टोकाखालीं एकदम मावतें, हेंच तिचें मर्म. आपल्या देशांत पूर्वीं निरनिराळ्या पद्धति होत्या. 1951 सालीं सर्व भाषांसाठीं ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धति ठरली. तींत डाव्या ओळींतील वरचीं दोन टिंबें म्हणजे ‘ब’. मराठींत, हिंदींत व गुजराथींतही तेंच. ‘कि’ लिहितांना आपण वेलांटी आधीं काढतों. अंध मूल उच्चाराप्रमाणें आधीं क व मग इ लिहितें.

लिहावयाच्या पाटींत जाड कागद अडकवून टोचणीनें टिंबें दाबतात. तीं कागदाच्या पाठीमागें उठतात. म्हणून लिहावयाचें उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचावयाचें डावीकडून उजवीकडे. गणिताच्या चौकटींत आठ कोनांचीं भोकें असतात. खिळा ज्या दिशेस बसवावा, त्याप्रमाणें अंक बदलतो. हें सारें लहान मुलें सरावानें आत्मसात करितात, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी.

मुंबईंत अशी शाळा अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं 1900 सालीं सुरू केली; पुढें ती दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. आतां तर 2016 च्या कायद्यानें 6 ते 18 वर्षांच्या अंध मुलांस जवळच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्कच दिला आहे.

तरीही मूल पडेल, त्याला लागेल, ह्या भीतीनें आईबाप त्यास घरांत बसवून ठेवितात. माया खरी, पण तिनें हानि होते. ज्या बोटांनीं वाचावयाचें, तीं लहानपणापासून कामास लागलीं पाहिजेत. धान्य निवडणें, गुंड्या लावणें, वस्तु चांचपून ओळखणें, हीच त्यांची बालवाडी. असें मूल कोणाच्या आळींत वा नात्यांत असेल, तर त्याच्या आईबापांस एवढें अवश्य सांगावें कीं, शाळा त्यास दृष्टि देऊं शकणार नाहीं. परंतु स्वतःचें पत्र स्वतः लिहिण्याचें व दुसऱ्याचें स्वतः वाचण्याचें सामर्थ्य खात्रीनें देईल.