लोकशाहीचे सिद्धांत आणि भारतीय प्रशासकीय कायदा : एक विवेचन

प्रस्तावना

राज्यशास्त्र आणि विधी या विद्याशाखांचे अध्यापन आपल्याकडे बहुधा स्वतंत्रपणे होते. परिणामी लोकशाहीचे सिद्धांत म्हणजे तात्त्विक चर्चा आणि प्रशासकीय कायदा म्हणजे न्यायनिवाड्यांची जंत्री, असा समज रूढ होतो. वस्तुतः शासनाच्या आदेशाची वैधता तपासताना न्यायालय लोकशाहीची कोणती ना कोणती संकल्पना गृहीत धरीत असते. अशा तीन संकल्पनांचा भारतीय कायद्यावरील प्रभाव प्रस्तुत लेखात मांडला आहे.

१. प्रातिनिधिक लोकशाही

जनता प्रतिनिधी निवडते, प्रतिनिधी कायदा करतात आणि प्रशासन तो अमलात आणते, अशी ही साखळी आहे. त्यामुळे कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाणारा आदेश अवैध ठरतो. १९५१ च्या दिल्ली कायदेविषयक प्रकरणातून हेच तत्त्व पुढे आले. तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळास देता येतो. मूलभूत धोरण ठरविण्याचे कार्य मात्र कायदेमंडळास सोडून देता येत नाही.

२. अधिकाराधिष्ठित लोकशाही

बहुमतालाही मर्यादा असतात, ही या संकल्पनेची धारणा होय. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील मूलभूत चौकटीचा सिद्धांत हे तिचे सर्वपरिचित रूप आहे. प्रशासकीय कायद्यात ती नैसर्गिक न्यायाच्या रूपाने अवतरते. क्रायपाक खटल्यात (१९६९) निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. मनेका गांधी खटल्यात (१९७८) व्यक्तिस्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

३. सहभागी लोकशाही

मतदानानंतर नागरिकाची भूमिका संपत नाही. निर्णयाची कारणे जाणण्याचा व त्यावर मत मांडण्याचा त्यास हक्क आहे, असे ही संकल्पना मानते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेच्या प्रारूपावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. वनहक्क कायद्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरी येथील खाणप्रकल्पाबाबत ग्रामसभांचा कौल घेण्यास सांगितले; बाराही ग्रामसभांनी प्रकल्पास नकार दिला.

संकल्पनांमधील संघर्ष

तथापि ही तिसरी संकल्पना आपल्या कायद्यात अद्याप दुर्बळ आहे. एका व्यक्तीचा परवाना रद्द करावयाचा झाल्यास सामान्यतः सुनावणी द्यावी लागते. पण लक्षावधी लोकांना बाधित करणारा नियम करताना ती देण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. सायनामाइड खटल्यात (१९८७) औषधांच्या किमती ठरविणे हे विधायी स्वरूपाचे कार्य मानून न्यायालयाने तेथे नैसर्गिक न्याय लागू केला नाही. नियम करणारा अधिकारी हा जणू कायदेमंडळाचाच विस्तार होय, असे यामागील प्रातिनिधिक गृहीतक आहे. प्रत्यक्षात तो अधिकारी निवडून आलेला नसतो आणि नियम सभागृहापुढे ठेवले जातात तेव्हा ते बहुधा अमलातही आलेले असतात.

अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने नियमांचे प्रारूप प्रसिद्ध करून अभिप्राय मागविणे सामान्यतः बंधनकारक केले. आपल्याकडे मोबाइल कॉल खंडित होण्याच्या भरपाईविषयीच्या खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याचा विचार करण्याचे संसदेस सुचविले. केंद्र शासनाचे २०१४ चे विधिपूर्व विचारविनिमय धोरण प्रारूप किमान तीस दिवस प्रसिद्ध करण्यास सांगते. मात्र त्यास कायद्याचे बळ नाही.

समारोप

सारांश, सुनावणी कोणाला द्यावी हा प्रश्न वरकरणी कार्यपद्धतीचा वाटला, तरी लोकशाहीत नागरिकाचे स्थान कोणते, हाच त्यातील मूळ प्रश्न आहे. नियमनिर्मितीपूर्वी विचारविनिमय बंधनकारक करणारा सर्वसाधारण कायदा झाल्यास प्रातिनिधिक व्यवस्थेस बाधा न येता तिची अधिमान्यता वाढेल. राज्यशास्त्र व विधी यांचे अध्यापन परस्परांशी जोडले गेल्यास हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अधिक स्पष्टपणे मांडता येईल.