चारमिनारच्या दारातला ऐन

चांदीचा जुना रुपया हाती आला की पहिली नजर सालावर जाते. मुरुम परिसरात मात्र ती आधी चारमिनारच्या दारात जाते, निदान जाणकारांची तरी.

मुरुम आज धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचा अंमल होता आणि बाजारात हाली सिक्का चालायचा. इंग्रजी रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा साधारण भाव. कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, हालीचं ११.१७८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. गुणाकार करून पाहावा, सहाला सात हे प्रमाण थेट चांदीतूनच निघतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपयावर चारमिनार आला आणि त्याच्या मधल्या कमानीत एक इवलंसं उर्दू अक्षर. निजाम मीर महबूब अली खानांच्या नाण्यांवर ‘मीम’, मीर उस्मान अली खानांच्या नाण्यांवर ‘ऐन’. हा ऐन साधारण आपल्या ६ च्या वळणाचा. उस्मान अली ऑगस्ट १९११ मध्ये गादीवर आले, तेव्हा हिजरी साल होतं १३२९. त्यांच्या सुरुवातीच्या रुपयांवरचा ऐन आखूड आहे, लिहिता लिहिता हात उचलल्यासारखा. १३३० मध्ये आधी तो तसाच, पुढे त्याच सालात तो पूर्ण दिसू लागतो. म्हणजे साल तेच, राजा तोच, चारमिनार तोच. पण ठसा वेगळा. दहापट दाखवणारं भिंग लावल्याशिवाय हे सहजी कळत नाही.

सालातही गंमत आहे. नाण्यावर हिजरी सालाबरोबर राज्यवर्षही असतं. हिजरी साल बदलतं मोहरममध्ये. उस्मान अलींचं राज्यवर्ष बदलायचं रमजानमध्ये. त्यामुळे एकट्या १३३० मध्ये पहिलं राज्यवर्षही येतं आणि दुसरंही. उर्दू अंक वाचता येणाऱ्याला हे दोन वेगळे रुपये. न येणाऱ्याला एकच.

यंत्राच्या टांकसाळीत असे फरक मोजके. हातानं कोरलेल्या ठशांत त्यांचा सुकाळ! मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण कोरणाऱ्यानं शिव कुठे ‘सीव’ केलं, कुठे ‘सिव’. छत्रपतिची वेलांटी कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. त्यातून तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणून नाण्यावर अर्धीच अक्षरं उमटलेली. संग्राहक तीन-चार शिवराया शेजारी मांडून एका ठशाची पूर्ण ओळ जुळवतात.

ठशातला फरक आणि ठोकतानाचा अपघात यांत गल्लत नको. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर तीच बाजू उलटी, खोलगट उमटते. बाजारात त्याला ‘लखी’ म्हणतात. लखी हा त्या एका नाण्याचा योगायोग. आखूड ऐन त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर असणारच.

किमतीचा तळ चांदी ठरवते. हाली रुपयात सव्वानऊ ग्रॅमला थोडी कमी शुद्ध चांदी असते. त्यावरचं सगळं दोन गोष्टींवर: त्या ठशाची नाणी किती उरलीत आणि नाणं कशा अवस्थेत आहे. चिंच-राखेनं घासून लखलखीत केलेला रुपया सराफाला चालतो, संग्राहक नाक मुरडतो. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयाचंही तेच. विक्रेत्यानं सांगितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. लिलावात हातोडा पडला तो भाव. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून शुल्क आणि कमिशन उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपण असल्या व्यवहारात नाही, हेही तिनं स्पष्ट केलं.

नांगराच्या फाळाला लागलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहाचा आकडा तेव्हाचा आहे आणि आजही तोच. चांदीच्या आजच्या भावानं एकच हाली रुपया ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो, दारातला ऐन आखूड असो वा पूर्ण.