बॅटरीची तीनचाकी : चार्जिंग रात्री की दुपारी?

पिरंगुट, पौड, घोटावडे या पट्ट्यात माल नेणाऱ्या बॅटरीच्या तीनचाकी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. गाडी घेताना आपले लोक किंमत, हप्ता, सबसिडी खोदून खोदून विचारतात. चार्जिंग केव्हा करावे, हे मात्र कोणी विचारत नाही. दुकान बंद केले की पिन लावायची, सकाळी काढायची, एवढेच.

हिशोब पाहा. मालवाहू तीनचाकीची बॅटरी साधारण 8 युनिटची असते. चार्जरमधली घट धरून मीटरवर 9 युनिट पडतात. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जून 2025 मध्ये जाहीर झाली. रोज पूर्ण बॅटरी वापरणाऱ्याचे 300 दिवसांत दोन हजारांवर रुपये वाचू शकतात. दुकानाच्या मीटरचा दर वेगळा. म्हणून आधी स्वतःचे बिल पाहावे.

ही सवलत खैरात नव्हे. दिवसा सूर्याची वीज मुबलक असते, रात्री भार कोळशावर जातो. आपल्या देशात सरासरी एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. विजेची किंमत कोण मोजतो, हा सवाल मुळशीला नवा नाही. धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी येथे 1921 मध्ये सत्याग्रह झाला. त्याच धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला 1927 पासून वीज तयार होते.

दिवसा गाडी धंद्यावर असते, हे खरे. पण माल भरताना, जेवणाच्या सुट्टीत दोन तास सहज मिळतात. जुन्या शिसे-ॲसिड बॅटरीला पूर्ण चार्ज लागे, ती सवय अजून सुटलेली नाही. लिथियम बॅटरीला थोडे थोडे चार्जिंग चालते. उलट रोज शून्यावर नेली तर तिचे आयुष्य घटते. घाट चढून आलेली गरम गाडी मात्र लगेच लावू नये.

कापडवाल्यांना खास सांगणे : गोदामात, गाठींच्या शेजारी चार्जिंग करू नका. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला उभ्या स्कूटरने पेट घेतला होता. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर डिसेंबरपासून बॅटरीचे नियम कडक झाले. तरी गंजलेला बोर्ड आणि लांबलचक एक्स्टेंशन वायर यांना कोणता नियम आवरणार? मुळशीचा पाऊस तर सर्वांना ठाऊक आहे. 16 अँपियरचा वेगळा पॉइंट छपराखाली घ्यावा. गाळा भाड्याचा असल्यास मालकाला सांगून अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.