मंदीत धंदा कशाने बुडतो?

ऑगस्ट 2019. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातल्या गाडी कारखान्यांमध्ये ‘ब्लॉक क्लोजर’ सुरू होते, म्हणजे ठरावीक दिवस उत्पादन बंद आणि कामगार घरी. त्या महिन्यात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31.57 टक्क्यांनी घसरली. वाहन उत्पादकांची ‘सियाम’ ही संघटना 1997-98 पासून हे आकडे ठेवते, आणि एवढी मोठी घसरण त्यात पूर्वी कधी नोंदली गेली नव्हती. एखादा ब्रॅकेट, बुश किंवा पिन बनवणाऱ्या छोट्या शेडच्या मालकाला मात्र ही घसरण कळायला ‘सियाम’चा आकडा लागत नाही. कंपनीकडून येणारं महिन्याच्या मालाचं शेड्यूल निम्मं आलं की त्याला कळतं.

आणि तरीही त्या वेळच्या सरकारी हिशेबानुसार देशात मंदी नव्हतीच. एप्रिल ते जून 2019 या तिमाहीत अर्थव्यवस्था 5 टक्क्यांनी वाढली होती, पुढच्या तिमाहीत 4.5 टक्क्यांनी. पहिला गैरसमज इथेच आहे.

“देशात मंदी आली की सगळ्यांनाच येते, आणि नसली की कोणालाच नसते”

सलग दोन तिमाहींत सकल देशांतर्गत उत्पादन घटलं की मंदी, हा वृत्तपत्रांनी रुजवलेला ठोकताळा आहे. अमेरिकेत मंदीच्या अधिकृत तारखा ठरवणारी अर्थतज्ज्ञांची समिती रोजगार, उत्पन्न, खर्च, औद्योगिक उत्पादन असं बरंच काही एकत्र पाहते. भारतापुरता हा ठोकताळा अलीकडे लागू पडला तो 2020 मध्ये. एप्रिल ते जून या तिमाहीत 23.9 टक्के आणि पुढच्या तिमाहीत 7.5 टक्के घट, असे तेव्हाचे आकडे होते.

धंद्याला मात्र देशाची सरासरी भेटत नाही, त्याला त्याचं गिऱ्हाईक भेटतं. 2019 पर्यंत वाहन उद्योगावर एकामागून एक घाव पडले होते. जुलै 2018 मध्ये सरकारने मालमोटारींची वजन वाहण्याची मर्यादा वाढवली, त्यामुळे आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल बसू लागला आणि नव्या ट्रकची निकड कमी झाली. सप्टेंबरमध्ये नव्या गाड्यांसाठी अनेक वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणं सक्तीचं झालं. त्याच सुमारास ‘आयएल अँड एफएस’ या बड्या वित्तकंपनीने कर्जफेड चुकवली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. शिवाय एप्रिल 2020 पासून ‘बीएस-6’ या नव्या प्रदूषण-मानकाची इंजिनं येणार म्हणून खरेदीदार थांबून राहिले. यातलं एकही कारण भोसरीच्या शेडमध्ये घडलेलं नाही. किंमत मात्र त्या शेडनेही मोजली.

“नफा आहे ना, मग धंदा बुडेल कसा?”

हा सगळ्यांत खोल रुजलेला आणि सगळ्यांत घातक गैरसमज. वहीत नफा दिसत असतानाही धंदा बुडतो, कारण पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता नफ्यातून दिला जात नाही; तो हातातल्या रोख पैशातून दिला जातो. त्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहावा.

एका वर्कशॉपची महिन्याची विक्री 10 लाख रुपये आहे आणि कंपनी 60 दिवसांनी पैसे देते. म्हणजे कोणत्याही क्षणी त्याचे 20 लाख बाहेर अडकलेले असतात. मंदी आली आणि कंपनीने 60 चे 120 दिवस केले. विक्री तेवढीच राहिली असं धरलं, तरी आता 40 लाख बाहेर. हे वाढीव 20 लाख आणायचे कुठून? धंद्यात 8 टक्के नफा सुटत असेल तर महिन्याला 80 हजार. म्हणजे एका पैशाचंही नुकसान न होता त्या मालकाचा 25 महिन्यांचा नफा दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन बसला. इकडे पोलादाचा व्यापारी मात्र आता उधारीवर माल द्यायला तयार नसतो, कारण मंदी त्यालाही आलेली असते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या दप्तरी खातं अनुत्पादित ठरतं, आणि मग गरज सगळ्यांत जास्त असते तेव्हाच पुढचं कर्ज मिळत नाही.

ही अडचण फक्त छोट्यांची नाही. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, स्वस्त परदेशी पोलाद भारतात येऊ लागलं आणि टाटांचा जमशेदपूरचा कारखाना विस्ताराच्या खर्चाखाली वाकला. 1924 मध्ये जमशेदपूरहून मुंबईला तार आली: पगाराला पैसे पुरत नाहीत. दोराबजी टाटांनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इम्पिरियल बँकेकडे तारण ठेवली. तिच्यात पत्नी मेहरबाई यांचे दागिने आणि 245 कॅरटचा ज्युबिली हिराही होता. त्याच वर्षी पोलाद उद्योगाला आयातकराचं संरक्षण देणारा कायदा झाला. कारखान्याची यंत्रं, खाणी, कुशल माणसं, सगळं जागच्या जागी होतं. कमी पडली होती ती पगाराच्या तारखेला लागणारी रोकड.

भोसरीच्या मालकाकडे ज्युबिली हिरा नसतो. त्याच्याकडे बायकोचं मंगळसूत्र आणि राहता फ्लॅट असतो, आणि मंदीत तारण जातं तेही हेच.

कायदा त्याच्या बाजूने आहे, ही गोष्ट पुष्कळ मालकांपर्यंत पोहोचलेली नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी 2017 मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झालं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच एकमेव गिऱ्हाईक असेल, तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल कोण देणार? म्हणून तक्रारीचा कागद टेबलाच्या खणातच राहतो. ही भीती खोटी नाही, आणि तिच्याकडे बोट दाखवून छोट्या उद्योजकाला भित्रा ठरवणं अन्यायाचं आहे.

या दृष्टीने दोन बदल मोलाचे आहेत. आयकर कायद्यात आता अशी तरतूद आहे की लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदार कंपनीला तो खर्च करातून वजा करता येत नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून ती लागू झाली. इथे पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही, कंपनीचा सीएच तिला आठवण करून देतो. दुसरा बदल ‘ट्रेड्स’चा. कंपनीने बिल मान्य केलं की या मंचावर बँका ते बिल विकत घेण्यासाठी बोली लावतात, पुरवठादाराला थोडी सूट कापून लगेच पैसे मिळतात आणि कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे परत येत नाही. मंदीत हा मार्ग हाताशी हवा असेल तर नोंदणी बऱ्या दिवसांत करून ठेवावी लागते.

“माल खपत नाही? भाव पाडा”

वस्तूची किंमत 100 रुपये, ती बनवायला आणि पोहोचवायला 80 लागतात, सुटतात 20. भाव 10 टक्के कमी केला की सुटतात 10. म्हणजे पूर्वीइतकंच कमवायला दुप्पट नग विकायला हवेत, तेही गिऱ्हाईकच बाजारात नसताना. सूट देऊ नये असं नाही. गोदामात पडून खराब होणारा माल काढायला सूट हवीच. पण गिऱ्हाईक नेमकं कशामुळे थांबलंय हे आधी पाहायला हवं.

2009 च्या सुरुवातीला अमेरिकेत ह्युंदाईने हेच पाहिलं. लोक गाडी घेत नव्हते ते किमतीमुळे कमी, नोकरी जाईल या भीतीमुळे जास्त. कंपनीने जाहीर केलं: गाडी घ्या, वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत करा. त्या वर्षी अमेरिकेतला एकूण वाहन बाजार सुमारे 21 टक्क्यांनी आक्रसला, ह्युंदाईची विक्री 8 टक्क्यांनी वाढली.

“आधी माणसं कमी करा”

मार्च 2010 च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये रंजय गुलाटी, नितीन नोहरिया आणि फ्रांझ वोल्गेझोगेन यांचा अभ्यास आला. 1980, 1990 आणि 2000 या तीन दशकांच्या आरंभी आलेल्या मंद्यांमधल्या 4,700 कंपन्या त्यांनी तपासल्या. 17 टक्के कंपन्या टिकल्याच नाहीत: दिवाळखोरीत गेल्या, विकल्या गेल्या किंवा शेअर बाजारातून बाहेर पडल्या. मंदीनंतर प्रतिस्पर्ध्यांना स्पष्टपणे मागे टाकणाऱ्या निघाल्या जेमतेम 9 टक्के. सगळ्यांत वेगाने आणि खोलवर खर्च कापणाऱ्या कंपन्यांना पुढे निघण्याची संधी सगळ्यांत कमी होती, 21 टक्के. कामाच्या पद्धती सुधारून खर्च वाचवायचा आणि त्याच वेळी बाजारपेठ, संशोधन, यंत्रं यांवर पैसा घालत राहायचा, असं करणाऱ्यांची संधी 37 टक्के होती. अंधाधुंद गुंतवणूक करणाऱ्याही मागेच पडल्या.

2009 मध्ये जर्मनीचं उत्पादन 5 टक्क्यांहून अधिक घसरलं, पण बेकारी फारशी वाढली नाही. ‘कुर्त्सआर्बाइट’ या तिथल्या जुन्या योजनेत कंपनी कामाचे तास कमी करते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग, मुलं असलेल्यांना 67 टक्के, बेरोजगार विमा निधीतून मिळतो. त्या वर्षी 14 लाखांहून अधिक कामगार एका वेळी या छत्राखाली होते. मागणी परतली तेव्हा जर्मन कारखान्यांना नव्याने माणसं शोधावी लागली नाहीत.

आपल्याकडे असं छत्र नाही, ठेकेदारी कामगाराला तर नाहीच. 2019 च्या त्या ऑगस्टमध्ये सगळ्यांत आधी काम गेलं ते याच कामगारांचं. मालकाच्या बाजूनेही हा तोटा खरा आहे. सीएनसी मशीनवर दोन वर्षं घालवलेला पोरगा गावी गेला की मशीन नुसतं सुरू करून भागत नाही. सेटिंग जमेपर्यंत नग रिजेक्ट होत राहतात.

“खाण्यापिण्याच्या धंद्याला मंदी नसते”

ऑगस्ट 2019 मध्येच पार्लेच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं की मागणी अशीच घटत राहिली तर 8 ते 10 हजार लोकांना कमी करावं लागेल. स्वस्त बिस्किटांवरचा 18 टक्के जीएसटी आणि ग्रामीण भागातली ओढाताण ही कारणं त्यांनी दिली. आठच महिन्यांनी टाळेबंदीत हेच पार्ले-जी विक्रमी खपलं आणि कंपनीचा बाजारातला वाटा सुमारे 5 टक्क्यांनी वाढला. बिस्कीट तेच, पण या वेळी सरकारं आणि स्वयंसेवी संस्था मदतीच्या पिशव्यांत ते भरत होत्या. अत्यावश्यक वस्तू असणं हे अर्धंच कवच आहे, कारण पाच रुपयांचा पुडा घेणाऱ्याच्या खिशात पाच रुपयेही असावे लागतात.

“मोठे तरतात, छोटे बुडतात”

आकारापेक्षा कर्जाचं वजन जास्त मोजावं लागतं. पुण्याच्या सुझलॉनने तेजीत, 2006 मध्ये बेल्जियमची हॅन्सन आणि 2007 मध्ये जर्मनीची रीपॉवर विकत घेतली. पवनचक्क्यांच्या जागतिक बाजारात ही मोठी झेप होती, पण ती कर्जाच्या फळीवरून घेतलेली होती. 2008 च्या जागतिक संकटानंतर ऑर्डरी आटल्या, हप्ते मात्र आटले नाहीत. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीला 20 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे फेडता आले नाहीत. सावरायला एक दशक लागलं: जिच्यासाठी एवढा अट्टहास केला ती जर्मन कंपनी 2015 मध्ये 100 कोटी युरोंना विकावी लागली, कर्जाची पुनर्रचना झाली, आणि 2023 मध्ये 2,000 कोटींचं नवं भागभांडवल उभारून कर्जाचा बोजा उतरवला गेला. संस्थापक तुलसी तांती तो दिवस पाहायला नव्हते. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

“मंदीत नवा धंदा म्हणजे वेडेपणा”

1929 नंतरच्या जागतिक महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते. त्याच काळात, 1932 मध्ये, सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभारायला घेतला. सहकारी साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीचा हा शेतकऱ्यांचा कारखाना, आणि त्याच्याभोवती वसलं ते माळीनगर.

त्या धाडसामागे हिशेब होता. नीरा कालव्याचं पाणी तिथवर पोहोचलेलं होतं आणि ऊस पिकवण्याचं कसब या मंडळींच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं. आणि 1932 मध्येच साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्यामुळे जावाहून येणाऱ्या स्वस्त साखरेला अटकाव बसला. पुढच्या चार-पाच वर्षांत देशातल्या साखर कारखान्यांची संख्या तिशीच्या आसपासवरून शंभराच्या पलीकडे गेली. त्याच महामंदीत गुळाचे भाव पडून कितीतरी ऊसकरी कर्जात बुडाले. माळीनगरची गोष्ट सांगताना त्यांनाही हिशेबात धरायला हवं. सासवडकरांकडे पाणी, कसब आणि कायदा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या, आणि कारखान्यासाठी लागणारे पैसे त्यांनी एकमेकांतच भाग विकून उभे केले.