किमान वेतन आणि काजूगर : काही गैरसमज व वस्तुस्थिती

रत्नागिरी जिल्ह्यातील काजू प्रक्रिया उद्योग मुख्यतः स्त्रियांच्या हातांवर उभा आहे. वाफवलेली बी फोडणे, टरफलातील दाहक तेलापासून बोटे जपत गर अखंड बाहेर काढणे, त्यावरील साल सोलणे आणि आकारानुसार प्रतवारी लावणे ही कामे बहुतांशी त्याच करतात. किमान वेतनाविषयी, म्हणजे ज्या मर्यादेखाली मजुरी देण्यास कायद्याने मनाई आहे त्या मर्यादेविषयी, जे गैरसमज रूढ आहेत ते या कामाच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे तपासता येतात.

मालकाला परवडेल तेवढीच मजुरी रास्त, हा त्यांतील सर्वांत जुना समज होय. किमान वेतनाचे विधेयक 11 एप्रिल 1946 रोजी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले ते तत्कालीन मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. त्यातून 1948 चा कायदा आला आणि 1961 मध्ये उनिचोयी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत विचारात घेतली जात नाही. वेतन कशावरून ठरवावे याचे निकष 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले होते : कमावत्या व्यक्तीसह तीन उपभोग-एककांचे, म्हणजे तीन प्रौढांइतक्या गरजांचे कुटुंब, प्रत्येक एककाला 2700 उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला एकूण 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी एकूण वेतनाचा 20 टक्के भाग. मुलांचे शिक्षण, औषधोपचार व म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे न्यायालयाने 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले. या मोजदादीत चैनीला कोठेही जागा नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

किलोमागे दर ठरला आणि बाईने तो मान्य केला की कायद्याचा संबंध संपतो, असेही सर्रास मानले जाते. वास्तविक उक्त्या कामासाठी वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेनुसार ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही, आणि तो हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो. ही दोन्ही तत्त्वे 1948 च्या कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी अमलात आलेल्या वेतन संहितेतही आहेत.

मजुरी वाढवली की यंत्र येते आणि काम जाते, ही भीती मात्र अधिक गांभीर्याने तपासली पाहिजे, कारण तीत काही तथ्य आहे. लॉर्डन आणि न्यूमार्क या अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये अमेरिकेतील माहितीवरून दाखवले की, किमान वेतन वाढल्यावर यंत्राकडे सोपवता येण्याजोग्या कामांतील कमी कौशल्याच्या मजुरांचा वाटा घटतो. उलट कार्ड आणि क्रूगर यांना न्यू जर्सीतील 1992 च्या वाढीनंतर तेथील फास्ट फूड दुकानांतील रोजगार घटलेला आढळला नाही. म्हणजे उत्तर त्या त्या कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. काजूत साधारण चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो, त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा वाटा कच्च्या बीचा असतो. शिवाय बियांचे आकार असमान असल्याने यंत्रात गर फुटण्याचे प्रमाण महत्त्वाचे ठरते आणि अखंड गर व तुकडा यांच्या भावातील फरक मजुरीतील बचत गिळू शकतो. व्हिएतनामने यंत्रे सुधारत या शतकाच्या पहिल्या दशकात काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले, ही गोष्ट खरी आहे; पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटाच आहे, कारण मजुरी दाबून ठेवलेल्या कारखान्याला त्या यंत्रांशी स्पर्धा करता येत नाही आणि त्याच वेळी त्याच्याकडील तरुण मुली मुंबई-पुण्याची वाट धरतात. मजुरांचा तुटवडा हेही यंत्र आणण्याचे प्रबळ कारण असते, आणि तो तुटवडा कमी मजुरीनेच वाढतो.

महागाईनुसार दर सहा महिन्यांनी जाहीर होणारा विशेष भत्ता म्हणजे वेतनवाढ, हाही समज चुकीचा आहे. भत्त्याने वाढत्या किमतींची भरपाई होते, मूळ दर स्वतंत्रपणे सुधारावा लागतो आणि त्यासाठी कायद्याने कमाल पाच वर्षांची मुदत घातली आहे.

किमान वेतनाने विषमता पूर्ण मिटेल, हा समजही टिकत नाही, कारण स्वतःच्या दोन कलमी झाडांवर जगणारा शेतकरी किंवा स्वतःची होडी चालवणारा मच्छीमार यांना मजुरीचा दर लागूच होत नाही. पण ज्यांना तो लागू होतो त्यांच्यापुढेही वसुलीचा अडथळा आहे. कमी दिलेल्या वेतनाचा दावा करण्याची सहा महिन्यांची मुदत संहितेने तीन वर्षांवर नेली, ही मोठी सुधारणा होय. मात्र शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्या मालकाला वेतनचिठ्ठी व नोंदवही ठेवण्यातून संहितेनेच सूट दिली आहे, आणि आंब्याच्या बागेत राखणीला ठेवलेले दोन-तीन नेपाळी कामगार नेमके याच सवलतीच्या कक्षेत येत असल्याने, किमान दराचा हक्क असूनही तो सिद्ध करणारा कागद त्यांच्या हाती नसतो.