चाक यंत्रावर चढवताना



बेणे, लागण, खोडवा यांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. या वेळी विषय चाकाचा आहे. ऊसविकास विभागाने गॅरेजच्या कामात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला तरच वजन आणि उतारा टिकतो, आणि तो गव्हाणीपर्यंत येतो चाकावरच. गळीत हंगामापूर्वी वाहने दुरुस्तीला जातात, तेव्हाच चार गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

चाकाची एक बाजू जड असली की वेगात चाक उडते, स्टेअरिंग थरथरते, टायर जागोजागी झिजतो, बेअरिंगला मार बसतो. बॅलन्सिंगचे यंत्र चाक फिरवून किती वजन कुठे लावायचे ते दाखवते. सावकाश चालणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला याची सहसा गरज पडत नाही. ट्रक, जीप, पिकअप यांना पडते.

पण यंत्र कितीही भारी असो, चाक वाकडे बसले तर माप खोटेच येणार. आपल्या वजनकाट्यावर गाडी अर्धीच चढवली तर वजन बरोबर येईल काय? तसेच हे. शिवाय ढिले बसलेले चाक फिरता फिरता निसटले, तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) चाक आधी धुवावे. टायरच्या खाचेतले खडे काढावेत. फिरताना खडा गोळीसारखा सुटतो. जुनी वजने काढावीत. रिमचे मधले भोक आणि यंत्राची बैठक फडक्याने पुसावी. हवा आधीच भरून घ्यावी, यंत्रावर मुळीच भरू नये.

२) यंत्र किती वजनाचे चाक पेलते ते पाहावे. लहान गाड्यांच्या यंत्रावर ट्रकचे चाक चढवू नये. चाक यंत्राजवळ गडगडत न्यावे. जड चाकाला लिफ्ट वापरावी. लिफ्ट नसेल तर दुसरा गडी घ्यावा. कंबरेत वाकून उचलू नये, गुडघ्यात वाकावे. शाफ्टवर चाक आपटू नये. शाफ्ट वाकला की पुढची सगळीच मापे चुकली.

३) गाडीकडची बाजू यंत्राकडे ठेवून चाक चढवावे. मधल्या भोकाच्या मापाचाच शंकू घ्यावा. नट आवळताना दुसऱ्या हाताने चाक हळूहळू फिरवत राहावे, म्हणजे ते शंकूवर मधोमध बसते. मग हलवून पाहावे. जरा जरी खेळ जाणवला तरी फिरवू नये.

४) गळ्यातले उपरणे, हातातले कडे काढावे, बाह्या सावराव्यात. झाकण खाली घेऊनच यंत्र चालू करावे. चाक हाताने थांबवायला जाऊ नये, आणि ते पुरते थांबेपर्यंत झाकण उघडू नये. पोरांना लांब ठेवावे.

माप खरे की खोटे, याचीही परीक्षा आहे. वजने लावून आकडा शून्यावर आला की नट सोडावा, शाफ्ट तसाच धरून चाक अर्धा फेरा फिरवावे आणि पुन्हा आवळून यंत्र चालवावे. आकडा बराच बदलला, तर बसवण्यात खोट आहे असे समजावे.

चाक गाडीला लावताना नट समोरासमोरचे आवळावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. काम मेस्त्रीचे असले तरी मालकाने किंवा ड्रायव्हरने स्वतः उभे राहून हे सारे करवून घ्यावे. पाच-दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील. भरल्या खेपेत रस्त्यावर चाक दगा देऊन चालणार नाही.

— ऊसविकास अधिकारी